डेस्कटॉपसाठी वायरवाला, लाइटवाला कीबोर्ड घ्यायचाय, काय बघून घ्यावा?

रातकिडा
मंडळी, मदत हवीय. घरच्या डेस्कटॉपचा कीबोर्ड शेवटच्या घटका मोजतोय. स्पेसबार डावीकडे दाबला तर चालतो, उजवीकडे दाबला तर नाही, आणि एन वरचं अक्षर इतकं पुसलंय की ते बटण कोरं दिसतं. आता नवीन घेणं आलं.

माझ्या अटी अशा आहेत. वायर हवीच, कारण सेल बदलणं आणि तो एवढासा डोंगल सांभाळणं मला जमत नाही (एक डोंगल केरात गेलाय, कुणी टाकला हे अजून ठरलेलं नाही). खालून लाइट हवा, कारण माझं काम रात्री साडेदहानंतर सुरू होतं, टेबल झोपायच्या खोलीत आहे आणि मोठा दिवा लावला की बायको आणि मुलगी दोघी उठून बसतात. म्हणजे आवाजही नको. नंबरपॅड पाहिजे, हिशेबाचं काम असतं. अधूनमधून मराठीही टाइप करतो. गेम शून्य.

दोन दिवस बघतोय तर मेम्ब्रेन काय, मेकॅनिकल काय, लाल स्विच निळा स्विच, आरजीबी, हॉटस्वॅप... डोकं गरगरायला लागलं. एकावर लिहिलंय १ कोटी ६८ लाख रंग. मला एक पुरे आहे हो. मॉडेलचं नाव नाही सांगितलंत तरी चालेल, काय बघायचं ते सांगा.

कळलाव्या
१ कोटी ६८ लाख रंग आणि त्यातला एन दिसत नाही, असं नको व्हायला :)
चटई टाकून बसलोय.

खुडबुड्या
माझ्या आवडीचा विषय काढलात, आता वाचा.

मेम्ब्रेनमधे सगळ्या बटणांखाली रबराची एक चादर असते, प्रत्येक बटणाखाली तिचा एक फुगवटा, बटण दाबलं की फुगवटा बसतो आणि खालचे दोन थर एकमेकांना टेकतात. म्हणून ते दाबताना मऊ लागतं, आवाज कमी आणि स्वस्त पण. पाचसहा वर्षांत रबर दमतं, तुमच्या स्पेसबारचं बहुतेक तेच झालंय. मेकॅनिकलमधे प्रत्येक बटणाला स्वतःचा वेगळा स्विच आणि स्प्रिंग. रंगांची भानगड चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचवरून आली, बाकीच्या कंपन्यांनीही मग साधारण तेच रंग धरले. लाल म्हणजे सरळ खाली जाणारा, तपकिरी म्हणजे मधे बोटाला छोटासा अडथळा जाणवणारा, निळा म्हणजे अडथळा आणि वर टिक असा मुद्दाम केलेला आवाज. लाल एमएक्सचं बटण एकूण ४ मिलिमीटर खाली जातं पण अक्षर २ मिलिमीटरलाच उमटतं, दाब ४५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे तळापर्यंत ठोकायची गरज नसते, तरी आपण ठोकतोच.

तुमच्यासाठी निळा बाद. झोपलेल्या माणसाशेजारी निळा वापरणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. सायलेंट लाल म्हणून प्रकार मिळतो, त्यात आत रबराचे छोटे गादीचे तुकडे असतात, तो बघा. एकदा मेकॅनिकलवर बोटं पडली की परत रबराकडे जाववत नाही.

चिवट_चिमणी
खुडबुड्या, जाववतं की. मी तीन वर्षं मेकॅनिकल वापरून परत मेम्ब्रेनवर आलेय आणि सुखात आहे. सगळ्यांनाच तो नाद लागत नाही.

खुडबुड्या
ताई, तुमचा स्विच चुकला असणार :)

पुनव
मला एक मूलभूत शंका आहे, रागावू नका. कीबोर्डकडे बघायचंच कशाला? एफ आणि जे वर जे उंचवटे असतात ते त्याचसाठी आहेत ना, तर्जन्या तिथे ठेवायच्या आणि डोळे स्क्रीनवर. महिनाभर रोज वीस मिनिटं सराव केलात तर लाइटची गरज संपेल. मी अंधारात आरामात टाइप करते.

रातकिडा
पुनवताई, अक्षरं मलाही न बघता येतात, त्यात अडचण नाही. अडचण होते ती एफ७ की एफ८, चौकटी कंस कुठला, डिलीट कुठे आणि पेजडाऊन कुठे, टक्क्याचं चिन्ह पाचावर की सहावर, अशा ठिकाणी. तिथे मी मोबाइलचा टॉर्च लावतो. परवा टॉर्च नेमका मुलीच्या तोंडावर पडला.

पुनव
टक्के पाचावर. पण मुद्दा कळला, मागे घेतलं.

चिवट_चिमणी
थांबा थांबा, मग तर एक गोष्ट नीट ऐका, कारण ही खोक्यावर कुणी छापत नाही आणि मी यातच फसले होते.

बऱ्याच मेकॅनिकल कीबोर्डमधे प्रत्येक स्विचला एकच छोटा एलईडी असतो आणि तो बटणाच्या वरच्या कडेला, म्हणजे स्क्रीनच्या बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे बटणाच्या वरच्या अर्ध्या भागात जे छापलंय ते झगझगीत आणि खालच्या अर्ध्यात जे आहे ते अंधुक. आकड्यांच्या ओळीत एका खाली एक दोन चिन्हं असतात ना, त्यातलं एक दिसतं, एक गायब. नंबरपॅडवर तर आकडा दिसायचा आणि त्याखालचं होम, एंड असं लिहिलेलं काहीच नाही. म्हणून काही कंपन्या दोन्ही चिन्हं वरच्या अर्ध्यातच शेजारी शेजारी छापतात, ते बघायला विचित्र वाटतं पण रात्री तेच उपयोगी. काही कीबोर्डमधे एलईडी उलट, आपल्या बाजूला असतो, त्यात वरचं अक्षर मंद होतं.

मेम्ब्रेनवाल्यांत दिवे बहुतेक वेळा खाली असतात आणि उजेड एका पारदर्शक पत्र्यातून सगळीकडे पसरतो, तो जास्त सारखा पडतो. कोपऱ्यातली बटणं थोडी मंद, एवढंच.

तुम्ही जी बटणं सांगितलीत, कंस, टक्के, एफवाली, ती सगळी यातच मारली जातात.

रातकिडा
अरे बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी फक्त 'बॅकलिट' शब्द बघत होतो.

जुना_टंकलेखक
वरती तर्जन्यांचं वाचून बरं वाटलं. आम्ही टाइपरायटरवर शिकलो, तिथे कळ दाबायची नसते, मारायची असते, आणि करंगळीनं ए मारताना अक्षरशः कळ यायची. ही शब्दातली कोटी आमच्या सरांची, माझी नव्हे. नंतर ऑफिसात आयबीएमचा मॉडेल एम आला, १९८५ पासून निघालेला, दोन किलोच्या वर वजन, आत वाकणाऱ्या स्प्रिंगा. त्याचा आवाज दोन खोल्या पलीकडे जायचा आणि साहेबाला बाहेर न येता कळायचं कोण काम करतंय.

लाइट वगैरे काही नव्हतं त्याला. एक सल्ला मात्र देतो. कीबोर्डच्या मागचे पाय उभे करू नका. सगळ्यांना वाटतं ते करायलाच असतात. मनगट वर वाकतं आणि तासाभराने दुखायला लागतं. मेकॅनिकल आधीच उंच असतो, त्यात पाय उभे केले की आणखी. मी पाय मिटून, पुढे घडी केलेला पंचा ठेवतो.

कळलाव्या
काका, पंचा आरजीबी आहे का?

जुना_टंकलेखक
पूर्वी होता. धुऊन धुऊन गेला.

पेंग्विन_पाळणारा
धागाकर्ते, कुठली सिस्टिम वापरता ते लिहिलं नाहीत. लिनक्स असेल तर हा खड्डा आहे. बऱ्याच स्वस्त लाइटवाल्या कीबोर्डमधे लाइट चालूबंद करायला स्क्रोल लॉकचं बटण असतं आणि ते कीबोर्ड स्वतः करत नाही. कॉम्प्युटरने 'स्क्रोल लॉकचा दिवा लाव' असं सांगितलं की तो सगळा लाइट लावतो. विंडोजमधे ते आपोआप होतं. लिनक्सच्या बऱ्याच डेस्कटॉपवर स्क्रोल लॉकला काही काम जोडलेलंच नसतं, मग बटण कितीही दाबा, अंधार. मी एक कीबोर्ड खराब म्हणून परत करायला निघालो होतो. एका कमांडने लागतो, पण प्रत्येक वेळी कमांड द्यायची तर टॉर्च काय वाईट.

एफएन (Fn) लिहिलेल्या बटणाबरोबर दुसरं बटण दाबून लाइट बदलतो असा घ्या, ते कीबोर्डच्या आतच होतं, कॉम्प्युटर कुठलाही असो.

रातकिडा
विंडोज आहे. पण मुलीच्या जुन्या मशीनवर लिनक्स टाकलंय, पुढेमागे तिकडे जाऊ शकतो, त्यामुळे एफएनवालाच बघतो. धन्यवाद.

आकाशदिवा
उजेडाच्या रंगाबद्दल कुणी बोललं नाही. आम्ही दुर्बीण घेऊन रात्री बसतो तेव्हा लाल टॉर्च वापरतो, कारण मंद लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत. निळा आणि पांढरा सगळ्यात त्रासदायक. तेव्हा लाल किंवा नारिंगी लाइटचा कीबोर्ड घ्या.

खुडबुड्या
समोर २४ इंची पांढराशुभ्र स्क्रीन जळत असताना अंधाराला सरावलेले डोळे आणायचे कुठून?

आकाशदिवा
हा, तेही आहेच. पण शेजारी झोपलेल्यांचे डोळे सरावलेले असतात ना.

खुडबुड्या
त्यांचे मिटलेले असतात.

चिवट_चिमणी
भांडू नका. रंगापेक्षा लाइट किती कमी करता येतो ते महत्त्वाचं. काहींमधे फक्त चालू आणि बंद, मधलं काही नाही. आणि एक, आरजीबीवर पांढरा रंग लावला तर तो तीन रंग मिसळून झालेला असतो, निळसर किंवा गुलाबीसर दिसतो. एकच रंग हवा असेल तर एका रंगाचाच घेतलेला बरा.

बोटे_दोन
मी दोन बोटांनीच टाइप करतो, गेली अठरा वर्षं, मला लाइट लागतोच. कोणी हसू नये.

कळलाव्या
लाइट लागतो म्हणजे बोटांना की बटणांना?

खुडबुड्या
आणखी दोन तपासण्या, दुकानात करता येण्यासारख्या. दोन्ही शिफ्ट एकदम दाबून धरायच्या आणि इंग्रजीतली सगळी अक्षरं एकेक करून टाइप करायची. स्वस्त कीबोर्डमधे त्यातली काही उमटतच नाहीत. बटणं आडव्याउभ्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात आणि काही जोड्या एकदम दाबल्या की तिसरं बटण नक्की दाबलंय की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. चांगल्या मेकॅनिकलमधे प्रत्येक बटणाला डायोड असतो, तिथे हा गोंधळ नाही. यूएसबी कीबोर्डची जी मूळ साधी पद्धत आहे त्यात शिफ्ट, कंट्रोलसारखी बटणं सोडून एका वेळी सहा बटणांची जागा असते, टायपिंगला तेवढी रग्गड.

दुसरी, अक्षरं कशी बनवलीत. लाइटवाल्यात साधारण दोन प्रकार. एकात पांढऱ्या पारदर्शक बटणावर काळा रंग मारतात आणि लेसरने अक्षराच्या जागचा रंग काढतात. जास्त वापराच्या बटणांवरचा रंग झिजला की अक्षराच्या कडा फाटल्यासारख्या दिसतात आणि नको तिथून उजेड येतो. दुसऱ्यात दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतलेलं असतं, डबलशॉट म्हणतात, त्यातलं अक्षर पुसलं जाऊच शकत नाही. तुमचा एन गेलाय म्हणजे तुम्हाला डबलशॉट.

वहिनी_नंबर_दोन
मराठीचं काय? धाग्यात लिहिलंय पण कुणी बघितलंच नाही. मी इनस्क्रिप्टवाली आहे, म्हणजे देवनागरीची ती ठरलेली बटणमांडणी वापरते. माझ्या कीबोर्डवर देवनागरीचे स्टिकर लावले आणि लाइट गेला! म्हणजे आत चालू आहे, वर स्टिकर. हसू पण येतं आणि रडू पण.

रातकिडा
वहिनी, मीही इनस्क्रिप्टवालाच, आणि स्टिकर आणूनच ठेवले होते :( आता?

वहिनी_नंबर_दोन
पारदर्शक पार्श्वभूमीचे मिळतात, अक्षर फक्त छापलेलं, पण तेही अंधारात नीट दिसत नाहीत कारण अक्षर स्वतः उजळत नाही, उलट खालचं इंग्रजी अक्षर त्यातून आरपार येतं. शेवटी मी काढून टाकले. इनस्क्रिप्ट तसं पाठ व्हायला सोपं आहे, स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे, ल जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबून ळ. अडतं ते आकड्यांच्या ओळीवरच्यांना. शिफ्ट ५ ला ज्ञ, ६ ला त्र, ७ ला क्ष, ८ ला श्र. एका कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवा, स्क्रीनच्याच उजेडात दिसतं.

पुनव
ज्ञ त्र क्ष श्र. हे पाठ झालं बुवा माझं. वाचनखूण साठवली.

मधलाच_मार्ग
सगळं वाचून माझं मत उलट झालंय. मॉनिटरच्या वरच्या कडेवर बसणारा लाइट बार मिळतो, खाली टेबलावर उजेड पाडतो, स्क्रीनवर चकाकी येत नाही आणि खोलीत पसरत नाही. कुठलाही साधा शांत कीबोर्ड घ्या आणि तो लावा. कागदपण दिसतील. हिशेबवाल्याला कागद लागतातच की.

चिवट_चिमणी
हे खरं तर चांगलं आहे. पण उजेड टेबलावरून उडून वर भिंतीवर येतो, टेबल पांढरं असेल तर जास्तच. आमच्याकडे छत उजळायचं.

रातकिडा
टेबल पांढरं आहे. सनमायका. चकचकीत.

मधलाच_मार्ग
मग राहू द्या.

पेंग्विन_पाळणारा
अजून एक, घेतल्यावर लक्षात येणारं. कॉम्प्युटर बंद केला तरी कीबोर्डचा लाइट चालूच राहतो, कारण मदरबोर्ड बंद असतानाही यूएसबीला थोडी वीज देत असतो. रात्री दोनला बंद करून झोपलात आणि टेबलावर दिवाळी चालू. बायोसमधे, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे, ईआरपी नावाची सेटिंग असते, ती चालू केली की बंद असताना वीज जात नाही. मग कीबोर्डचं बटण दाबून कॉम्प्युटर सुरू करायची सोय असेल तर ती जाते, तेवढं लक्षात ठेवा.

आणि वायर. तुमचा डबा टेबलाखाली जमिनीवर असेल तर मागच्या पोर्टपासून टेबलावर येईपर्यंत दीड मीटर वायर संपते. आधी दोरीने मोजा. वायर काढता येणारी, यूएसबी सीची असेल तर उत्तम, कारण बहुतेक वेळा कीबोर्ड बरा असतो आणि वायर जिथे आत शिरते तिथे तुटते.

मांजरवाला
वायर काढता येणारी घेऊ नका. आमची मांजर काढते.

कळलाव्या
हा धागा मी सहज हसायला उघडला होता, आता दोरी घेऊन टेबलाखाली बसलोय. १ मीटर ७०.

रातकिडा
(दोन आठवड्यांनी) मंडळी, घेतला एकदाचा. वृत्तांत देणं लागतो.

दुकानात आठ कीबोर्ड मांडलेले, सगळे भर ट्यूबलाइटखाली इंद्रधनुष्य खेळत होते. मी दुकानदाराला म्हटलं दिवा बंद करता का, तो म्हणाला गिऱ्हाईक आहे हो. मग मी काय केलं, जर्किन काढलं, कीबोर्डवर टाकलं आणि त्याच्या खाली डोकं घातलं. जुन्या काळचे फोटोग्राफर करायचे तसं. शेजारचा एक मुलगा माझा फोटो काढत होता, काढो बापडा.

आणि चिवट_चिमणी ताई, तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के खरं. जो मी घेणार होतो, मेकॅनिकल, सायलेंट, खुडबुड्यांच्या सगळ्या परीक्षा पास, दोन्ही शिफ्ट धरून सव्वीसच्या सव्वीस अक्षरं उमटली, त्याच्यावर आकड्यांच्या ओळीतले आकडेच अंधारात होते. वरची चिन्हं लखलखीत, खालचे १ ते ० अंधुक. हिशेबाच्या माणसाला हे. त्याच्या शेजारचा मेम्ब्रेन, एकरंगी पांढरा, लाइटच्या तीन पायऱ्या, एफएनने बदलतात, सगळी चिन्हं सारखी दिसली. शिफ्टच्या परीक्षेत चार अक्षरं खाल्ली त्याने, पण दोन्ही शिफ्ट धरून मी आयुष्यात कधी काही लिहिलेलं नाही. तो घेतला. डबलशॉट नाहीये, लेसरवाला आहे, तेवढी तडजोड. वायर न निघणारी पण लांब आहे.

सगळ्यात खालच्या पायरीवर ठेवतो, तीसुद्धा पहिल्या रात्री जास्त वाटली. ईआरपी लावलं, बंद होतो. मागचे पाय मिटलेत, पंचा ठेवलाय काका. ज्ञ त्र क्ष श्र मॉनिटरखाली चिकटवलंय.

बायकोला उजेडाचा त्रास नाही, बटणांचाही नाही. आता तिला खुर्चीची करकर ऐकू येते. ती आधीपासूनच होती म्हणते, जुन्या कीबोर्डच्या आवाजात दबली होती.

खुडबुड्या
मेम्ब्रेन घेतलात. ठीक आहे. मी काही बोलत नाही.

चिवट_चिमणी
बोलत नाही म्हणून बोललात :) रातकिडा, जर्किनची युक्ती माझी सांगून खपवणार आहे.

जुना_टंकलेखक
खुर्चीच्या स्क्रूंना थोडं तेल द्या, आणि पाय टेकतात तिथे खाली जाड कापड घाला.

नवी_आलेय
उशिरा वाचलं, पण मलाही असाच घ्यायचाय म्हणून विचारते. पांढऱ्या रंगाचा कीबोर्ड मस्त दिसतो, लाइटपण पांढरा, तो घेऊ का? की काळाच?

रातकिडा
पांढरा पण पाहिला होता मी, जर्किनखाली चांगला होता. बाहेर काढल्यावर लाइट चालू असतानाच अक्षरं दिसेनात, पांढऱ्यात पांढरं. लाइट बंद केला तेव्हा फिकट राखाडी दिसायला लागली. दिवसाही वापरणार असाल तर काळा.

नवी_आलेय
दिवसाच वापरणार आहे मी.

कळलाव्या
मग लाइट कशाला???

नवी_आलेय
मस्त दिसतो ना.